जागा तुमची, गाडी त्यांची

प्रश्न : आमच्या इमारतीत प्रत्येक घराला गाडीसाठी एक जागा ठरवून दिलेली आहे आणि सहा वर्षांपासून आम्ही १४ क्रमांकाच्या जागेत गाडी लावतो. माझी नोकरी पाळीची असल्याने मला घरी यायला अनेकदा रात्रीचे दहा वाजून जातात. गेल्या काही महिन्यांपासून, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणाची गाडी आठवड्यातून दोन-तीनदा तरी आमच्या जागेत उभी असते. सुरुवातीला मी खालून हॉर्न वाजवत असे, मग चिठ्ठ्या लिहिल्या, एकदा तर संतापून त्याच्या समोरच्या काचेवर कागदच चिकटवला. त्यावरून त्याने मोठ्या आवाजात भांडण केले. त्यानंतर एका रात्री मी माझी गाडी त्याच्या गाडीला आडवी लावून वर निघून आले. नेमके त्याच पहाटे त्याच्या वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले. मी फोन उचलेपर्यंत ते भाड्याच्या गाडीने निघून गेले होते. वडील आता बरे आहेत, पण त्याच आठवड्यात माझ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर लांबलचक चरा उमटला. तो त्यानेच काढला असणार याची मला खात्री आहे, पुरावा मात्र नाही. माझा भाऊ म्हणतो, त्याच्या चारही चाकांची हवा सोड, म्हणजे पुन्हा हिंमत होणार नाही. कमिटीतील एक सदस्य चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना जॅमर लावावा असे सुचवत आहेत. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की रोजची कटकट करण्यापेक्षा विषय सोडून दे. हल्ली आमची जागा अडलेली असली की मी लिफ्टजवळच्या, दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेत गाडी लावते, कारण ती रात्री रिकामीच असते. मी नेमके काय करावे?
— १४ क्रमांकाची हक्कदार

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

दिवसभराचे काम उरकून रात्री दहा वाजता घरी पोहोचावे आणि हक्काच्या जागेत दुसऱ्याच कोणाची गाडी दिसावी, यात होणारा मनस्ताप क्षुल्लक नाही. ज्यांना तो सोसावा लागत नाही त्यांना ‘एवढ्याशा जागेवरून काय भांडायचे’ असे म्हणणे सोपे जाते. परंतु त्या वेळी इमारतीभोवती फेऱ्या मारून जागा शोधणे, लांब गाडी लावून अंधारात एकटीने चालत येणे आणि सकाळी लवकर कोणी गाडी काढायला सांगेल या धास्तीने झोपणे, हे सारे तुमच्याच वाट्याला येते. म्हणून आधीच सांगते की तुमच्या यजमानांचा ‘सोडून दे’ हा सल्ला मला पटत नाही. ठरवून दिलेली जागा मागण्यात भांडखोरपणा काहीच नाही.

मात्र तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतून गेल्या आहेत. एक आहे जागा, आणि दुसरी आहे त्या जागेत उभी असलेली गाडी. जागा तुम्हाला कमिटीने नेमून दिली आहे, त्यामुळे ती तुम्हाला रोज मोकळी मिळते की नाही हे पाहण्याची जबाबदारीही कमिटीचीच आहे. गेले काही महिने ते काम तुम्ही एकट्याने, तेही रात्री कामावरून दमून आल्यावर करत आहात आणि म्हणूनच इतक्या वैतागला आहात. गाडी मात्र त्या तरुणाची आहे, आणि ती चुकीच्या ठिकाणी उभी असली तरी त्याचीच राहते. तिला अडकवून ठेवण्याचा किंवा तिचे नुकसान करण्याचा अधिकार त्याच्या चुकीमुळे तुमच्याकडे येत नाही. जागेची तक्रार जागा देणाऱ्याकडे न्यायची आणि गाडीला बोटही लावायचे नाही, एवढे धरून चाललात तर तुमच्या पत्रातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे तुम्हाला स्वतःलाच देता येतील.

चाकांची हवा सोडण्याचा भावाचा सल्ला कृपा करून मानू नका. हवा सोडणे म्हणजे कोणाचे फारसे नुकसान न करता शिकवलेला धडा, असा समज फार पसरलेला आहे आणि तो धोकादायक आहे. टायरमध्ये पुरेशी हवा असते तेव्हा गाडीचे वजन ती दाबलेली हवा पेलते. हवा गेली की ते सारे ओझे टायरच्या बाजूच्या भिंतीवर येते, आणि ती भिंत तेवढे ओझे एकटीने पेलण्यासाठी बनवलेली नसते. चाक पूर्ण न बसता अर्धवट बसलेले असेल आणि घाईत निघालेल्या माणसाच्या ते लक्षात आले नाही, तर चालत्या गाडीखाली ती भिंत सतत दुमडत राहते, तापते आणि तिच्या आतील धाग्यांचा थर कमकुवत होतो. बाहेरून काही दिसेलच असे नाही. पुढे कोणीतरी हवा भरून देते, टायर पूर्ववत दिसू लागतो आणि काही आठवड्यांनी तोच टायर भर वेगात फुटू शकतो. त्या वेळी गाडीत कोण बसलेले असेल, हे तुमच्या भावाला आज सांगता येणार नाही. कायद्याच्या बाजूनेही हा मार्ग तुम्हाला महागात पडेल, कारण दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणे हा जवळजवळ सर्वत्र गुन्हा आहे आणि ‘गाडी माझ्या जागेत उभी होती’ ही सबब त्यावर चालत नाही. आज तक्रार करण्याची बाजू तुमची आहे; हवा सोडलीत तर दुसऱ्याच दिवशी ती त्याची होईल.

जॅमरचा प्रस्ताव वरवर अधिक शिस्तशीर दिसतो, कारण तो कमिटीच्या नावाने येतो. परंतु खासगी जागेत जॅमर लावण्याचा अनुभव इतर ठिकाणी घेऊन झालेला आहे. स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने १९९२ साली, खासगी जागेतील गाडीला जॅमर लावून ती सोडवण्यासाठी पैसे मागणे ही खंडणी आणि चोरी ठरू शकते असा निर्णय दिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जॅमर लावून मनमानी रक्कम उकळण्याचे प्रकार इतके वाढले की अखेर २०१२ साली कायदा करून, कायदेशीर अधिकार नसताना खासगी जमिनीवरील गाडी अडकवणे किंवा उचलून नेणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. ही बंदी १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाली. प्रत्येक ठिकाणचा कायदा निराळा असतो, तेव्हा कमिटीने आपल्या येथील वकिलांचे लेखी मत घेतल्याशिवाय जॅमर विकत आणू नये. शिवाय एक साधी अडचण कोणीच लक्षात घेतलेली दिसत नाही. जॅमर लावलेली गाडी तुमच्याच जागेत अडकून पडणार आहे, आणि तुम्हाला हवी आहे ती तर मोकळी जागा.

आता त्या पहाटेविषयी. तुम्ही त्याबद्दल दोनच वाक्ये लिहिली आहेत, परंतु तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट मला तीच वाटते. गाडी आडवी लावताना तुमच्या मनात त्याने सकाळी येऊन गाडी काढण्याची विनंती करावी, थोडा ताटकळावा, एवढेच असेल. पण आपण अडवतो ती केवळ त्याची गाडी नसते, त्या घरातील प्रत्येकाची बाहेर पडण्याची वाटही असते, आणि त्या वाटेची गरज कोणाला केव्हा लागेल हे अडवणाऱ्याला ठाऊक नसते. पूर्वी आडवी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवलेली असली तर दोघा-चौघांनी ढकलून वाट काढता येत असे. आता अनेक गाड्यांचा हँडब्रेक बटणावर चालतो, ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये अडकलेली असते आणि किल्ली हाती असलेला माणूस येईपर्यंत ती जागची हलत नाही. म्हणूनच कितीही राग आला तरी कोणाचीही गाडी अडवायची नाही, हा नियम तुम्ही स्वतःपुरता आजपासून घालून घ्या. रुग्णवाहिकेच्या किंवा अग्निशमन दलाच्या गाडीच्या वाटेत गाडी लावणे तर त्याहून वाईट, कारण तिथे एका घराऐवजी साऱ्या इमारतीची वाट अडते.

त्या प्रसंगाबद्दल तुम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागावी, असे मी तुम्हाला स्पष्टपणे सुचवते. त्याने तुमची जागा अडवली ही त्याची चूक आहे आणि ती तशीच राहते. तुमच्या माफीने ती पुसली जात नाही. पण दोन चुका एकमेकींसमोर ठेवून वजाबाकी करायला बसलात तर दोघांपैकी कोणालाच स्वतःची चूक कधी मान्य करावी लागणार नाही. शक्य झाल्यास त्याचे वडील घरी असतील अशा वेळी जा, त्यांच्या प्रकृतीची चौकशी करा आणि ‘त्या रात्री मी गाडी आडवी लावायला नको होती, तुम्हाला फार त्रास झाला, मला त्याचे वाईट वाटते’ एवढेच म्हणा. त्या भेटीत १४ क्रमांकाचा विषय काढू नका, आणि वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका. जागेबद्दल बोलण्यासाठी दुसरा दिवस आहे.

चऱ्याबद्दल तुमचा राग मला समजतो. रोज वापरातल्या, कष्टाच्या पैशातून घेतलेल्या गाडीवर असा ओरखडा पाहणे सहन होत नाही. सर्वप्रथम चऱ्यावरून नख आडवे फिरवून पाहा. गाडीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात, म्हणजे साध्या कागदापेक्षा फारसे जाड नसतात. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. नख अडकत नसेल तर ओरखडा बहुधा त्या वरच्या थरातच आहे आणि पॉलिश केल्यावर बराचसा निघून जाईल. नख अडकत असेल तर ओरखडा खोल गेलेला आहे आणि ती दारे पुन्हा रंगवावी लागण्याची शक्यता आहे. तसे असल्यास विमा कंपनीला लगेच कळवा, कारण कळवायला उशीर झाला तर दाव्यात अडचणी येतात. दिवसाच्या उजेडात चऱ्याची छायाचित्रे काढा, तो जमिनीपासून किती उंचीवर आहे हे मोजा आणि इमारतीत कॅमेरे असतील तर त्या आठवड्याचे चित्रण जतन करून ठेवावे अशी मागणी कमिटीकडे आजच लेखी करा. असे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे येथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

मात्र चित्रण हाती येईपर्यंत ‘त्यानेच केले’ हे वाक्य कोणापुढेही उच्चारू नका; इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तर मुळीच नको. तुमची खात्री भांडणानंतरच्या रागातून आलेली असू शकते. दोन्ही दारांवरून सलग गेलेला चरा पाहिला की कोणीतरी मुद्दाम काढला असे वाटते हे खरे, परंतु शेजारून ढकलत नेलेल्या सायकलच्या हँडलने, खांद्यावरच्या पिशवीच्या बक्कलाने किंवा अरुंद फटीतून नेलेल्या सामानानेही तसाच चरा उमटतो. गाडीसाठी आखलेली जागा साधारणपणे अडीच मीटर रुंद असते आणि मध्यम आकाराची गाडी सुमारे १.८ मीटर रुंद. म्हणजे प्रत्येकाने गाडी अगदी मध्यभागी लावली तरी शेजारच्या दोन गाड्यांत ७० सेंटिमीटरच अंतर उरते. एखाद्याची गाडी रेषेकडे २० सेंटिमीटर सरकलेली असली की तेच अंतर ५० वर येते आणि शेजाऱ्याला दार नीट उघडता येत नाही. दारांवरील बहुतेक ओरखडे आणि पोचे या फटीतच जन्माला येतात. त्यामुळे गाडी कोणत्याही रागाविना, केवळ वाकडी लावणे हेसुद्धा शेजारच्या गाडीचा अनादर करणेच आहे, असे माझे मत आहे. दुसऱ्याच्या बॉनेटला टेकून गप्पा मारणे, त्यावर पिशव्या ठेवणे, स्टँडवर लावलेल्या दुचाकीवर मुलांना खेळायला बसवणे, हँडल लॉक असलेली दुचाकी फरफटत बाजूला करणे, या गोष्टी करणाऱ्यांच्या मनातही वाईट काही नसते. पण बॉनेटचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि साइड स्टँडवरची दुचाकी मुलाच्या अंगावर पडायला एक हिसका पुरतो. आणि आपल्याच हातून कोणाच्या गाडीला धक्का लागला, तर स्वतःचे नाव आणि फोन नंबर लिहून तिथे ठेवल्याशिवाय जागचे हलू नये. चित्रणात तुम्हाला त्या तरुणाऐवजी सामान नेणारा एखादा अनोळखी माणूस दिसला, तर आज गप्प राहिल्याचे तुम्हाला समाधान वाटेल. आणि तोच दिसला, तर ते चित्रण घेऊन कमिटीकडे आणि पोलिसांकडे जाण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहेच.

काचेवर कागद चिकटवण्याविषयी थोडेच सांगते. चिकटवलेला कागद निघताना अर्धा काचेवर राहतो, तो पात्याने खरवडताना काचेवर रेघा उमटतात आणि चालकाच्या नजरेसमोरच्या त्या रेघा रात्री समोरून प्रकाश आला की डोळ्यांवर येतात. चिठ्ठी ठेवायची असेल तर ती वायपरखाली ठेवावी, आणि उद्या दुसऱ्या कोणी वाचली तरी आपल्याला संकोच वाटणार नाही अशा भाषेत लिहावी.

लिफ्टजवळच्या राखीव जागेत गाडी लावणे मात्र आजच थांबवा. त्या जागेला असलेले चाकाच्या खुर्चीचे चिन्ह १९६८ साली सुझॅन कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने रेखाटले आणि आज ते जगभर ओळखले जाते. पण त्या चिन्हाचा अर्थ ‘सोयीची जागा’ असा पुष्कळ जण लावतात. ती सोय नाही, ती गाडीतून उतरता येण्याची किमान अट आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसाला गाडीचे दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची शेजारी आणून लावावी लागते आणि मग स्वतःला तिच्यात सरकवून घ्यावे लागते. त्यासाठी अमेरिकेतील नियमांत अशा जागेशेजारी किमान ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडणे बंधनकारक आहे. तिरप्या रेषांनी आखलेला तो पट्टा रिकामा वाटतो म्हणून लोक तिथे दुचाक्या लावतात, आणि मग परत आलेल्या माणसाला स्वतःच्याच गाडीत बसता येत नाही. तुमची जागा अडली तर तुम्हाला लांबून चालत यावे लागते. त्याची जागा अडली तर त्याला घरीच जाता येत नाही. ‘रात्री ती रिकामीच असते’ हे तुमचे निरीक्षण खरे असेल, पण दिवसभर तुमचीही जागा रिकामीच असते, आणि त्या तरुणालाही पहिल्या दिवशी नेमके हेच दिसले असेल.

जागेच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी स्वतःचे कागद तपासा. तुम्ही लिहिता की सहा वर्षांपासून तुम्ही तिथे गाडी लावता. वहिवाट आणि नेमणूक यांत फरक आहे. कमिटीच्या नोंदवहीत १४ क्रमांक तुमच्या घराच्या नावे आहे काय, ती नेमणूक कायमची आहे की ठरावीक मुदतीची, आणि तशा पत्राची प्रत तुमच्याकडे आहे काय, हे आधी पाहा. कागद नसेल तर तो मागून घ्या. त्याचबरोबर त्या तरुणाला घर भाड्याने देताना मालकाने काय सांगितले आहे, हेही विचारा. मालकाची स्वतःची जागा कोणती, हे भाडेकरूला कळलेलेच नाही, किंवा ‘रात्री जिथे रिकामे दिसेल तिथे लावा’ असे त्याला सांगून टाकले आहे, असे बऱ्याच ठिकाणी आढळते. तसे असेल तर तुमचा वाद मुळात घरमालकाशी आहे आणि तो कमिटीनेच मिटवायला हवा.

त्या तरुणाशी एकदा दिवसा, दोघेही घाईत नसताना बोला. आतापर्यंतचे तुमचे सारे संभाषण रात्री, गाडीशेजारी आणि रागात झालेले आहे, आणि अशा वेळी माणूस जागा सोडण्याऐवजी ती अधिक घट्ट धरून बसतो. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पार्किंगमधून गाडी बाहेर काढणाऱ्या लोकांना लागणारा वेळ मोजला होता. कोणी वाट पाहत नसताना त्यांना सरासरी ३२ सेकंद लागत. जागेसाठी दुसरी गाडी थांबलेली असली की ३९ सेकंद, आणि त्या गाडीने हॉर्न वाजवला की सुमारे ४३ सेकंद लागत. ज्या जागेची त्यांना गरजच उरली नव्हती तिथूनही निघायला ते हॉर्नमुळे उशीर करत होते. तुमच्या हॉर्नचाही त्याच्यावर वेगळा परिणाम झालेला नाही, आणि झोपलेल्या इतर रहिवाशांची सहानुभूती मात्र त्यामुळे तुम्ही गमावता. दिवसाच्या त्या भेटीत त्याला नोंदवहीतील क्रमांक दाखवा, तुमच्या येण्याच्या वेळा सांगा, दोघांचे फोन नंबर एकमेकांकडे असू द्या, आणि अडचण झाली तर निरोप कोणी कोणाला द्यायचा हे ठरवून घ्या.

तुम्ही कामावर असताना जागा त्याला वापरू द्यावी काय, हा प्रश्न या बोलण्यात येईल. द्यायलाच हवी असे मुळीच नाही, आणि नाही म्हटल्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. पण देणार असाल तर वेळ बांधून द्या: कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, आणि तुम्ही लवकर आलात तर किती मिनिटांत गाडी काढायची. हे सारे संदेशात लिहून ठेवा आणि कमिटीलाही कळवा. ‘लावा हो, काही हरकत नाही’ अशी मोघम परवानगी काही महिन्यांत हक्क बनते आणि तो परत मागताना देणाराच वाईट ठरतो.

बोलूनही फरक पडला नाही, तर कमिटीला लेखी पत्र द्या. त्यात तारखा आणि वेळा लिहा, गाडी उभी असल्याची छायाचित्रे जोडा, आणि त्या तरुणाच्या स्वभावाविषयी एक शब्दही लिहू नका. मागण्या मोजक्या आणि करता येण्याजोग्या असू द्या. जागेचा क्रमांक जमिनीवर रंगवलेला असेल तर तो समोरच्या भिंतीवर किंवा खांबावर ठळक लिहून घ्या; जमिनीवरचा आकडा रात्री दिसत नाही आणि गाडी उभी राहिली की तिच्याखालीच झाकला जातो, त्यामुळे नव्या माणसाला चुकीची सबब मिळते. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वेगळी जागा ठरवावी आणि ती भरलेली असेल तर सुरक्षारक्षकाने गाडी आत न घेता आधी संबंधित घरी फोन करावा. कमिटीने मान्यता दिली तर तुमच्या जागेच्या तोंडाशी कुलूप लावता येणारा, आडवा पाडता येणारा खांब बसवता येतो. पण रोज रात्री दमून आल्यावर उतरून कुलूप काढण्याची तुमची तयारी असेल तरच त्याचा खर्च करा.

आणखी एक गोष्ट कमिटीने करायला हवी, आणि ती तुम्ही सर्वांच्या वतीने सुचवू शकता. इमारतीत जागा किती आणि गाड्या किती, याची मोजणी बहुतेक ठिकाणी कोणी केलेलीच नसते. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून, गाडी ठेवायला जागा असल्याचा पुरावा दिल्याशिवाय सर्वसाधारणपणे गाडीची नोंदणीच होत नाही, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. तेवढा कडक नियम एखादी इमारत करू शकत नाही. पण नवा भाडेकरू येताना त्याच्याकडे किती गाड्या आहेत आणि त्या कोणत्या क्रमांकावर उभ्या राहणार, हे मालकाकडून लेखी घेणे तिला सहज शक्य आहे. हे एक पत्रक आधी भरून घेतले गेले असते तर तुमच्यावर ही वेळ बहुधा आली नसती.

माफीची भेट या दोन दिवसांतच उरका आणि चित्रणाची मागणी त्यासाठी थांबवू नका. जागेविषयीचे बोलणे त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ठेवा. कमिटीला द्यायच्या पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर सचिवांची तारखेसह पोच घ्या आणि पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय यावा असे पत्रातच लिहा. तोवर जागा अडलेली दिसली तर छायाचित्र काढून सुरक्षारक्षकाला खाली बोलवा, इंटरकॉमवरून त्यालाच फोन करू द्या आणि तुम्ही गाडीतच बसून राहा.